पालथ्या होडीवर पाणी



हिवाळा आला की आपण मिनेसोटाकर मोटारीची काळजी घेतो, पण अंगणातली अ‍ॅल्युमिनियमची छोटी होडी तशीच उताणी राहते. आम्हीही एका वर्षी हाच आळस केला. बर्फाच्या भाराने ताडपत्री खचली, होडीत पाणी साचले आणि गोठले. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. रिव्हेटांच्या फटीत शिरलेले पाणी सांधे सैल करू शकते. जूनमध्ये तळ्याच्या मधोमध लेकीच्या पायाशी पाणी आले. अंगात लाइफ जॅकेट होते म्हणून धीर राहिला.

अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखे गंजत नाही, म्हणून निर्धास्त राहणे चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तळाचे बूच काढा, होडी पालथी घाला, एक टोक थोडे उंच ठेवा. खाली साध्या लाकडाचे ठोकळे द्या. तांब्याचे औषध मुरवलेले ओले लाकूड अ‍ॅल्युमिनियमला खाते. वाऱ्यासाठी दोरीने बांधा.

अर्ध्या तासाचे हे काम मुलांसोबतच करा. होडीत बसणाऱ्याला तिची निगाही ठाऊक हवी. ‘पालथ्या घड्यावर पाणी’ असे म्हणून आपण मुलांना रागावतो. होडीच्या बाबतीत मात्र तेच शहाणपण आहे!