पैसेवाल्याचीच गोळी जोरात का?

काल संध्याकाळी चवदार तळ्याजवळ पोरं फ्री फायर मॅक्स खेळत होती. एकजण हरला आणि म्हणाला, "काका, त्याची गन पैशाची आहे!"

खरंय. या गेममध्ये डायमंड विकत घेऊन मिळवलेल्या काही स्किनमुळे बंदुकीचा मारा वाढतो. बीजीएमआयमध्ये स्किन नुसती दिसायला असते. 2025 च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली, हा प्रकार मात्र तसाच राहिला.

हौसेने कपडे घ्या, रंग घ्या, हरकत नाही. जिंकणं विकत मिळू नये.

महाड-पोलादपुरात स्पर्धा भरवणाऱ्यांनो, कस्टम रूम बनवताना स्किनची जादा ताकद बंद ठेवा, तशी सोय आहे. 1927 साली समान हक्कासाठी सत्याग्रह झालेलं आपलं गाव. पोरांना एवढं तरी दाखवूया. पटतंय का?