हुशार लेकराचा बाप

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत लोहारा तालुक्यातले एक शेतकरी माझ्याकडे आले. तीन एकर कोरडवाहू जमीन, सोबत नऊ-दहा वर्षांचा मुलगा. मुलगा आल्या आल्या माझ्या पुस्तकांच्या कपाटापुढे जो उभा राहिला, तो चहा येईपर्यंत हलला नाही. बाप मात्र खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेला.

"सर, गुरुजी म्हनतात लेकरू लई हुशार हाय. मग आमी आता काय करावं?"

वाचकहो, वीस वर्षे मी मराठी शिकवतो. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मूल नापास झाले तर काय करावे, हे सांगायला सारी आळी धावते. हुशार निघाले तर लोक पेढे खाऊन घरी जातात!

मी शिष्यवृत्ती परीक्षा सांगितली, तुळजापूरचे नवोदय विद्यालय सांगितले. ते त्यांना ठाऊक होते. मुलगा गणिते आधीच सोडवून बसतो, मग खोड्या काढतो आणि वर्गाबाहेर उभा राहतो. रात्री विचारतो, चंद्र आपल्याबरोबर का चालतो? आईला वाटते, दृष्ट लागली. "ह्ये बोलावं कुनापाशी?"

पुण्यात आप्पा पेंडशांनी 1962 साली ज्ञान प्रबोधिनी काढली ती बुद्धिमान मुलांसाठीच. बुद्धीला अनेक अंगे असतात, हे अमेरिकेतल्या गिलफर्ड यांचे म्हणणे तिथे चाचण्यांना आधार झाले. धडा घडाघडा म्हणणे ही एक बुद्धी. एका विटेचे दहा उपयोग सुचणे ही निराळी. आमच्या परीक्षांना पहिलीच काय ती दिसते. (मीही तसेच पेपर काढतो, हे कबूल करतो.) हीच संस्था 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर आपल्या हराळीला आली आणि पुढे तिथे निवासी शाळा काढून राहिली.

"हराळी? ती तर आमच्या शेजारीच. रस्त्यावरनं बगतो की. पर आत जाऊन काय म्हनावं?"

"मामा, आधी गुरुजींपाशी बसू," मी म्हटले. "मग हराळीलाही जाऊ."

पुढच्याच आठवड्यात शाळेपुढच्या लिंबाखाली आम्ही तिघे बसलो. गुरुजी एकटे दोन वर्ग सांभाळणारे. त्यांनाही या मुलाविषयी बोलायला कोणी नव्हते! तासभर ते मोकळे होत राहिले. बाप प्रथमच त्यांच्यासमोर मान वर करून बोलला. आता बाजाराच्या दिवशी आणखी दोन पालक येऊन बसतात, त्यांत एक आई आहे.

चंद्राचे कोडे गुरुजींनीच सोडवले. एसटीतून पाहताना जवळची बाभळ मागे पळते, लांबचा डोंगर सोबत येतो. चंद्र तर पावणेचार लाख किलोमीटरांहून लांब. मुलगा क्षणभर गप्प राहिला.

"मग गुरुजी, डोंगराला आपन पळताना दिसतो का?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. मी बापाकडे पाहिले.