परीक्षा संपल्यावर काय शिकायचं?

निकाल लागला की आपण पुस्तकं रद्दीत देतो आणि म्हणतो, "सुटलो एकदाचे!" माझं स्पष्ट मत आहे की खरी शिकायची वेळ तिथूनच सुरू होते.

पीटर ड्रकर यांचं उदाहरण घ्या. मोठमोठ्या कंपन्यांना सल्ला देणारे हे गृहस्थ आधुनिक व्यवस्थापनशास्त्राचे जनक मानले जातात. त्यांचा जन्म १९०९ साली व्हिएन्नात झाला. शाळा संपल्यावर ते जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात एका निर्यात कंपनीत उमेदवारी करू लागले. दिवसा कारकुनी आणि संध्याकाळी वाचनालय, असा त्यांचा क्रम होता. पुढे फ्रँकफुर्टला वर्तमानपत्रात काम करता करता १९३१ मध्ये त्यांनी कायद्यातली डॉक्टरेट मिळवली.

डॉक्टरेट मिळाली, तरी अभ्यास थांबला नाही. दर तीन-चार वर्षांनी एक नवा विषय घ्यायचा, असा त्यांचा नियम होता. कधी संख्याशास्त्र, कधी मध्ययुगीन इतिहास, तर कधी जपानी चित्रकला. तीन वर्षांत कोणी पंडित होत नाही, पण विषय समजायला तेवढा काळ पुरतो. हा नियम त्यांनी साठहून जास्त वर्षं पाळला.

आता मुद्द्याची गोष्ट. नुसतं वाचून माहिती वाढते, शहाणपण येतंच असं नाही. ड्रकर महत्त्वाचा निर्णय घेताना 'यातून काय होईल असं मला वाटतं' ते लिहून ठेवत. नऊ किंवा बारा महिन्यांनी ते पान उघडून प्रत्यक्षात काय झालं ते ताडून बघत. आपल्याला काय जमतं नि काय जमत नाही, हे त्यातून कळतं. असा पेपर दुसरं कोणी तपासून देत नाही. तो आपला आपणच तपासायचा असतो.

तुम्ही म्हणाल, "त्यांच्या घरी सुशिक्षित आई-वडील होते, पुस्तकं होती. आमचं काय?" प्रश्न रास्त आहे. सगळ्यांची सुरुवात सारखी नसते. म्हणूनच गावातलं वाचनालय चालू राहणं गरजेचं आहे. पण एक वही आणि रोजचा अर्धा तास तर बहुतेकांना जमेल ना?

आणि शिक्षक बंधू-भगिनींनो, हे आपल्यालाही लागू आहे. डी.एड., बी.एड. झाल्यावर आपल्यापैकी किती जणांनी अभ्यासक्रमाबाहेरचा एखादा विषय हाती घेतला? "वाचा रे वाचा" असं सांगून मुलं वाचत नाहीत. गुरुजी अजून शिकतायत हे दिसलं, की त्यांनाही शिकावंसं वाटतं. ड्रकर नव्वदी ओलांडल्यावरही वर्गात शिकवत होते!

तर मग आजच वहीच्या पहिल्या पानावर एका नव्या विषयाचं नाव लिहा. वर्षभरात त्यात कुठवर पोचाल, तेही लिहा. खाली तारीख टाका. पुढच्या वर्षी त्याच तारखेला ते पान उघडा आणि स्वतःला प्रामाणिकपणे गुण द्या.