पाच मिनिटांचं युद्ध

काबूलच्या धावपट्टीवर विमानाला लटकलेली माणसं ऑगस्ट २०२१मध्ये साऱ्या जगानं पाहिली. पण अमेरिकी फौजा परतणार हे तालिबानशी झालेल्या २९ फेब्रुवारी २०२०च्या दोहा करारातच ठरलं होतं. त्या अख्ख्या वर्षात एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या तीन अमेरिकी वाहिन्यांच्या सायंकाळच्या बातमीपत्रांनी अफगाणिस्तानला मिळून दिली फक्त ५ मिनिटं. मग माघार लोकांना अचानक वाटणारच. जे बातमीदार रणात राहिले त्यांनी किंमत मोजली; आपला छायापत्रकार दानिश सिद्दीकी १६ जुलै २०२१ रोजी स्पिन बोल्दाकमध्ये मारला गेला. काबूलमधल्या २९ ऑगस्टच्या अमेरिकी ड्रोन हल्ल्यात दहशतवादी टिपल्याचा दावा पेंटागॉननं केला, तो बहुतेकांनी तसाच छापला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वार्ताहरांनी मात्र मृतांच्या घरी जाऊन, चित्रफिती तपासून त्याला आव्हान दिलं, १० निरपराध गेले होते, त्यांत ७ मुलं. १७ सप्टेंबरला पेंटागॉनला चूक कबूल करावी लागली. बातमीदारी म्हणतात ती हीच. सैन्याच्या पाठोपाठ आपले वार्ताहर माघारी बोलावणाऱ्या संपादकांनो, अफगाण मुलींना सहावीच्या पुढे शाळा अजूनही बंद आहे. तिथे माणसं पाठवा.