शिट्टी न होणारा कुकर

शिट्ट्या मोजायला मराठी घरात कुणी शिकवत नाही, ते आपोआप येतं. हात कणकेत असोत की दारात भाजीवाल्याशी घासाघीस चालू असो, एक कान स्वयंपाकघरात असतो. बटाट्याला तीन, तुरीच्या डाळीला चार, रात्रभर भिजलेल्या हरभऱ्याला सहा. कोथरूडच्या एका काकूंनी असे चाळीस वर्षं कुकर लावले आणि ऐन जानेवारीत लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीतल्या एडिसनला पोचल्या. तिथल्या ओट्यावर स्टीलचं एक गोल भांडं बसलेलं होतं. झाकणावर काळी खुंटी, पोटावर डझनभर बटणं. शिट्टी नाही.

"आई, यातच सगळं होतं," लेक म्हणाली. "वरण-भात, उसळ, दहीसुद्धा. गॅसचा कुकर मी आणलाच नाही."

दुसऱ्याच दिवशी काकूंनी मसालेभात करायला घेतला. लेकीला आवडतो, जावयांनाही. 'सॉटे'चं बटण दाबून त्यातच फोडणी केली, तोंडली परतली, गोडा मसाला घातला, तांदूळ घालून हात फिरवला, नेहमीप्रमाणे तांदळाच्या दुप्पट पाणी ओतलं आणि झाकण लावलं. दहा मिनिटांनी पडद्यावर 'बर्न' अशी अक्षरं उमटली आणि भांडं गरम होणंच थांबलं. झाकण काढून, खालून हलवून, आणखी थोडं पाणी घालून परत लावलं. शेवटी ताटात आला तो गोड्या मसाल्याच्या वासाचा गिचका. लेक आणि जावई जेवले, काही बोलले नाहीत. काकूंनी मात्र पुढचे दोन दिवस त्या भांड्याला हात लावला नाही. वरण पातेल्यात शिजवलं, पाऊण तास उभं राहून.

चाळीस वर्षं ज्या हाताला कधी कुणी माप विचारलं नाही, त्या हाताला बटणासमोर बावरायला होतं, हे लहान दुःख नव्हे. परदेशी लेकीकडे, लेकाकडे सहा-सहा महिने राहून येणाऱ्या कितीतरी आयांनी ते अनुभवलेलं असतं. त्यांना स्वयंपाक येत नाही असं नसतं. भांडं त्यांच्याशी ओळखीच्या भाषेत बोलत नसतं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी लेकीने एक साधी गोष्ट सुचवली, आणि या कुकरांच्या माहितीपुस्तिकांतही बहुधा तीच सुरुवातीला सांगितलेली असते. नुसतं पाणी लावायचं. तीन कप पाणी, वेळ पाच मिनिटं. बिघडायला आत काहीच नाही, त्यामुळे काकू खुर्ची ओढून समोर बसल्या. आधी झाकणाच्या कडेने बारीक वाफ आली. मग झाकणातली छोटीशी पिन थरथरली, आणि टक् असा आवाज होऊन वर आली. त्यानंतर पूर्ण शांतता. पडद्यावर पाचाचा आकडा आला तो त्यानंतर. म्हणजे भांड्याची पाच मिनिटं दाब भरल्यावर सुरू होतात. त्याआधीची दहा-पंधरा मिनिटं त्याच्या हिशेबातच नसतात. वेळ संपल्यावर त्यांनी मुद्दाम काही केलं नाही. वाफ आपली आपण जिरत गेली, पिन खाली पडली, झाकण मऊ फिरलं.

"अगं, म्हणजे ही पिन म्हणजे याची शिट्टीच की!" काकू म्हणाल्या.

तसं पाहिलं तर शिट्टीपेक्षा ती जास्त खरं सांगते. गॅसवरच्या कुकरमध्ये दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वजन उचललं जातं आणि जादा वाफ बाहेर पडते, तीच शिट्टी. आच मोठी ठेवली, पाणी कमी असलं, कुकर लहान असला, तर तेवढ्याच वेळात शिट्ट्या जास्त होतात. डाळ शिजते ती आत किती तापमान किती वेळ टिकलं यावर. साध्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. गॅसवरच्या कुकरमध्ये ते १२० अंशांच्या आसपास पोचतं. हे विजेचे कुकर सहसा त्याहून थोडा कमी दाब धरतात, आतलं तापमान ११५ ते ११८ अंशांत राहतं, म्हणून डाळीला दोन-चार मिनिटं जास्त द्यावी लागतात. आणि शिट्टी होत नाही म्हणजे वाफही बाहेर जात नाही. ओतलेलं पाणी जवळजवळ सगळं आतच राहतं. काकूंच्या मसालेभाताचा गिचका झाला तो इथे. सरळ भांड्यात लावलेल्या भाताला दुपटीऐवजी सव्वापट पाणी पुरतं. 'बर्न'चं कारणही समजलं: परतताना मसाला तळाला धरला होता. फोडणीनंतर अर्धी वाटी गरम पाणी घालून लाकडी उलथन्याने तळ खरवडून घ्यायचा, मग तांदूळ.

बटणांचं कोडंही त्याच आठवड्यात सुटलं. खोक्यावर सात कामं लिहिलेली असोत की नऊ, आत तापणारी एक तबकडी असते, तापमान आणि दाब ओळखणारी यंत्रणा असते आणि घड्याळ असतं. 'सूप', 'बीन', 'मीट' ही बरीचशी बटणं म्हणजे त्याच दाबाच्या आधीच ठरवून ठेवलेल्या वेळा. काकूंनी त्यातली तीनच आपली मानली: परतायचं, दाबाचं आणि दह्याचं. बाकीच्यांकडे बघायचंच नाही, असं ठरवल्यावर भांडं एकदम लहान वाटायला लागलं.

रोजचं वरण-भाताचं तंत्र बसायला आठ दिवस लागले. या आठ दिवसांत त्यांनी दुसरं काही करून पाहिलं नाही, आणि हे फार शहाणपणाचं होतं. तळाला दीड कप पाणी, त्यावर जाळी, खालच्या डब्यात अर्धा तास भिजवलेली तुरीची डाळ हिंग-हळद घालून, वरच्या डब्यात तांदूळ. पहिल्या दिवशी सहा मिनिटं लावली, डाळीला कणी राहिली. मग आठ, मग दहा. दहाला डाळ रवीखाली लोण्यासारखी घोटली गेली आणि भातही मोकळा राहिला. फ्रीजवर कागद चिकटवून त्यांनी लिहून ठेवलं: डाळ-तांदूळ १०, वाफ आपली आपण. शेजारी बाळ झोपलेलं असताना शिट्टी वाजत नाही, हेही त्यांना तेव्हाच आवडायला लागलं.

पण खरा विश्वास आला तो दह्यामुळे.

न्यू जर्सीच्या थंडीत दही लागत नाही, ही तिथल्या मराठी घरांतली जुनी तक्रार. कुणी पातेलं शालीत गुंडाळतं, कुणी बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवतं. काकूंनी दूध भांड्यातच तापवलं, ८२ अंशांपर्यंत. दूध असं नीट तापलं की त्यातल्या प्रथिनांची घडी उलगडते आणि दही घट्ट बसतं. मग ते निवत ठेवलं. लेक थर्मामीटर शोधत होती, तोवर काकूंनी करंगळी बुडवली. दहापर्यंत मोजलं, बोट सुखाने आत राहिलं. थर्मामीटर सापडल्यावर लेकीने बघितलं तर ४३! त्या क्षणी काकूंच्या चेहऱ्यावर जे आलं, ते लेकीने नंतर फोनवर मावशीला दोनदा सांगितलं. इंडियन स्टोअरमधल्या दह्याचं चमचाभर विरजण लावून झाकण बसवलं आणि रात्रभर आठ तास ठेवलं. सकाळी डाव घातला तर कापलेल्या वडीसारखी कड उभी राहिली.

बोटाला जे चाळीस वर्षं माहीत होतं, ते यंत्रालाही मान्य होतं. इथून पुढे काकू भांड्याला विचारेनाशा झाल्या, सांगायला लागल्या. बाळंतिणीसाठी मुगाचं मऊ वरण, अळिवाची खीर, मोड आलेल्या मटकीची उसळ. मटकीला दाबाची दोनच मिनिटं. खिरीला हिंगाचा वास आला, तेव्हा झाकणातली रबरासारखी सिलिकॉनची कडी वास धरून ठेवते हे कळलं. दुसरी कडी मागवली: एक तिखटाची, एक गोडाची.

एक सावधगिरी मात्र प्रत्येक घराने लक्षात ठेवायलाच हवी. याच कुकरवर 'स्लो कुक' असंही बटण असतं आणि राजमा त्यावर रात्रभर ठेवून द्यावा असा मोह होतो. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. ते उकळत्या पाण्यात नष्ट होतं, मंद आचेवर होईलच याची खात्री नाही, आणि अर्धवट शिजलेला थोडासा राजमासुद्धा उलट्या-जुलाबाला पुरतो. राजमा भिजवून, ते पाणी फेकून, दाबावरच शिजवावा. दुसरं म्हणजे डाळ, तांदूळ, कडधान्य असं फुगणारं, फेसाळणारं काही असेल तर भांडं निम्म्याच्या वर भरू नये, आणि त्याची वाफ एकदम सोडू नये.

बंद भांड्याची भीती तशी जुनीच. फ्रान्सच्या दनी पापँने १६७९मध्ये लंडनमध्ये वाफेच्या दाबावर हाडंही मऊ करणारं भांडं बनवलं; ते फुटू नये म्हणून त्यालाच सुरक्षा झडप बसवावी लागली. १६८२मध्ये त्याने रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्यात शिजवलेलं जेवण वाढलं. आजचं बहुगुणी रूप घरोघरी नेलं ते २०१०मध्ये आलेल्या इन्स्टंट पॉटने. तो घडवणारे रॉबर्ट वांग कॅनडातल्या ओटावाचे संगणकतज्ज्ञ. टेक्सासमधल्या उर्वशी पित्रे यांचं या कुकरमधल्या भारतीय पदार्थांचं पुस्तक २०१७मध्ये आलं, आणि त्यांच्या बटर चिकनवर कितीतरी अमेरिकन घरांनी आपला हात बसवून घेतला. त्यांचं बटर चिकन, काकूंचं वरण. एकच पदार्थ पुन्हा पुन्हा करत त्या भांड्याशी ओळख वाढवणारे सगळीकडे दिसतात.

जूनमध्ये निघताना काकूंनी तसलंच भांडं पुण्याला न्यायचं म्हटलं. लेकीने थांबवलं. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. हजार वॉटच्या त्या भांड्यासाठी जड ट्रान्सफॉर्मर लागला असता. "आई, तिकडे आपल्या विजेचे मिळतात, घे एक," ती म्हणाली. काकूंनी अजून घेतलेला नाही.

परवा कोथरूडला जुनाच कुकर गॅसवर होता. पहिली शिट्टी झाली, काकूंनी आच अगदी बारीक केली आणि घड्याळाकडे पाहिलं. बाहेरच्या खोलीतून काकांचा आवाज आला, "अगं, एकच शिट्टी झाली. गॅस संपला का?"

"नाही हो. अजून दहा मिनिटं आहेत त्याला."