उमेदवारी की नवी वेठ?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर वा फिटरचे काम शिकणाऱ्या तरुणाकडे पाहा. तो शिकाऊ आहे, कसबी कामगार नव्हे. तरीही १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने विद्यावेतन हा त्याचा हक्क आहे. त्याच कायद्याच्या कलम ३अ ने अनुसूचित जातीजमातींसाठी शिकाऊंच्या जागा राखल्या आहेत.

आता त्याची बहीण कायदा शिकते असे समजा. उन्हाळ्याच्या सुटीत तिला दिल्लीच्या एखाद्या सरकारी संस्थेत महिनाभर उमेदवारी करावयाची आहे. हिलाच आज इंटर्नशिप म्हणतात. तिला विद्यावेतनाची वा राखीव जागेची हमी देणारा असा कायदा कोठे आहे? काही संस्था स्वेच्छेने मानधन देतात. अनेक केवळ प्रमाणपत्रावर बोळवण करतात. नीती आयोगाची योजना तर उमेदवारी बिनवेतन असल्याचे, आणि लॅपटॉपही उमेदवाराने स्वतःचा आणावा असे, नियमांतच सांगत आली आहे. दिल्लीतील खोलीचे भाडे, खानावळ, रेल्वेचे तिकीट हा सारा खर्च कंत्राटी कामगाराच्या घराने कोठून काढावा?

कोणी म्हणेल, हे शिक्षण आहे, श्रम नव्हेत. मग भोसरीतला शिकाऊही शिकतोच ना? शिवाय ही उमेदवारी हौसेची बाब नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी ती तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास किमान २० आठवडे सक्तीची केली आहे. सक्ती सर्वांना, सोय मात्र सधनांना, हा कोठला न्याय?

दुसरा कोणी गुणवत्तेचा दाखला देईल. गुणवत्ता बाबासाहेबांपाशी होतीच; पण १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती नसती, तर ती न्यूयॉर्कला कशी पोहोचली असती? सरकारी नोकरीत आरक्षण आहे खरे; परंतु त्या नोकरीचा परिचय, अनुभव आणि शिफारस जेथे मिळते, तो उंबरठाच पैशाने अडवला तर आतल्या राखीव खुर्चीचा उपयोग काय?

महार वतन हा मान आहे, असे आपल्या वाडवडिलांना सांगितले जाई. त्या मानाआड वेठ दडली आहे हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडले. एका महिन्याची उमेदवारी म्हणजे वतन नव्हे, हे वकील या नात्याने मी जाणतो. पण मोबदल्याऐवजी मान घ्या, ही भाषा तीच आहे.

म्हणून मागणी स्पष्ट असो. प्रत्येक सरकारी संस्थेने उमेदवारास विद्यावेतन द्यावे, जागा राखाव्यात आणि निवडीची यादी जाहीर करावी. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी जेथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, ते देहूरोड भोसरीहून दूर नाही. तेथे आपण दरवर्षी नतमस्तक होतो. तेथून परतताना या मागणीच्या अर्जावर सही करा. धम्माने दिलेला स्वाभिमान फुकट राबण्यासाठी नाही!