एअर बॅग उघडली नाही, जबाबदार कोण?

मोटार घेताना ग्राहक सुरक्षेचेही पैसे मोजतो. ती सुरक्षाच ऐनवेळी दगा देते, तेव्हा दोष कोणाचा, हा वाद उभा राहतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावरील अपघातात ह्युंदाई क्रेटाच्या पुढील एअर बॅग उघडल्याच नाहीत आणि मोटारमालक जखमी झाला. धडक पुरेशा जोराची नव्हती, हा कंपनीचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २०२२ रोजी फेटाळला. वेग आणि बल यांचे गणित मांडणे हे ग्राहकाचे काम नव्हे, असे बजावत खटल्याच्या खर्चासह ३ लाख रुपये आणि मोटार बदलून देण्याचा आदेश न्यायालयाने कायम ठेवला.

हा निकाल जुन्या कायद्याखालचा होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आता ‘उत्पादन दायित्व’ हे स्वतंत्र प्रकरणच आणले असून, सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची भरपाई उत्पादकाकडून मागता येते. मात्र ग्राहक आयोगाकडे तक्रार साधारणतः दोन वर्षांच्या आत करावी लागते. शिवाय अपघातग्रस्त मोटार तपासणीपूर्वीच दुरुस्तीला गेली किंवा भंगारात निघाली, तर महत्त्वाचा पुरावाच नष्ट होतो. छायाचित्रे, पंचनामा आणि उपचारांची बिले जपून ठेवणाऱ्या ग्राहकाचीच बाजू न्यायासनासमोर भक्कम ठरते.